फाटकाशी शून्य

येर्को म्हणतो, शून्यापासून सुरू करा.
येर्को माझ्या धाकट्या लेकाहून लहान.
पुंता अरेनासच्या वाचनालयात, मंगळवारी रात्री,
आम्हा सहाजणींना जावास्क्रिप्ट शिकवतो.
बाहेर वारा छपराचे पत्रे उचकटतोय.

शून्य? एकतीस वर्षं मी मेंढ्या मोजल्या
लोकर कातरायच्या शेडबाहेर, अरुंद फाटकाशी.
एकही मेंढी कधी शून्य नव्हती.
तो म्हणाला, सेन्योरा एदेलमिरा,
फाटक उघडायच्या आधी किती गेलेल्या असतात?

मग लिहिलं.
फॉर. कंसात तीन गोष्टी, मध्ये अर्धविराम.
आय शून्य.
आय दहाहून लहान आहे तोवर.
आय प्लस प्लस.
अरे, हे तर माझंच काम:
फाटक, मालकाचा आकडा, बोटाची एक हालचाल.

पहिल्या खेपेला लहानच्या चिन्हाशेजारी बरोबरचं पडलं.
अकरा ओळी आल्या. बाकीच्या हसल्या.
मला हसू येईना. एक मेंढी जास्त
म्हणजे शेजारच्या कुरणातली,
म्हणजे संध्याकाळी घोड्यावरून कुणीतरी येणार
आणि खाली उतरणार नाही.

दुसऱ्या खेपेला प्लस प्लस विसरले.
पडदा गोठला, यंत्र घरघरू लागलं,
फाटक सताड उघडं आणि
शून्य शून्य शून्य शून्य
तसाच ओस्वाल्दो त्या हिवाळ्यात
काठीनं बर्फ टोचत चालला होता,
एक तरी जिवंत लागेल म्हणून.
आकडा पुढे सरकेना, आणि त्याला
पुरे आता, असं मी म्हटलं नाही.

येर्कोनं मागून येऊन खिडकी बंद केली.
होतं असं सगळ्यांचंच, म्हणाला.

तिसऱ्या खेपेला जमलं. दहा ओळी,
एकीमागे एक, माना खाली घालून.
शेवटचा आकडा नऊ आणि मेंढ्या दहा.
हे अजून खुपतं.

मग महिरपी कंस बंद झाल्यावर, खालच्या ओळीत,
मी आयलाच विचारलं, एकूण किती झाल्या गं?
लाल अक्षरं उमटली:
आय नावाचं इथे कुणी नाही.
येर्को म्हणाला, ती आतच जन्मते, आतच संपते,
बाहेर तिचं काही उरत नाही.

मी कोटाच्या खिशात हात घातला.
दोरी तिथेच होती, शंभराला एक गाठ.
शेवटच्या हंगामाच्या त्रेचाळीस.
अंधारातसुद्धा मोजता येतात.