माठाची जुडी

रस्ता नव्हता तेव्हा आम्ही टिकणारंच पेरायचो.
कुळीथ, पावटे, वरी.
घरात सुकवलेली सोलं, मिठातले गरे.
जे थांबू शकतं, तेच.

लाल माठ घरापुरता, न्हाणीच्या पाण्यावर.
तो थांबत नाही.
सकाळी उपटला की दुपारी मान टाकतो,
आणि बाजार म्हणजे दीड तास पाखाडी,
मग दाऊद मुकादमची तर, तीही भरतीलाच.
ओहोटीला चिखलात बसलेली,
आणि तो बिडी काढून म्हणायचा,
"खाडीला घाय नाय गो, यशोदे."

बरका फणस तर झाडाखालीच.
एका उन्हाळ्यात मोजले, एकशे अकरा.
मग मोजणं सोडलं.
वास येतच राहिला.

तीन वर्षांमागे सड्यावरून डांबर उतरलं.
त्या कार्तिकात, भात कापलेल्या मळ्यात,
कुळथाच्या जागी मी माठ फोकला.
सासरे हयात असते तर बोलले असते.
महिन्याने पहाटे चारला उपटला,
ओढ्यात मुळं धुतली,
साडेपाचला टेम्पो, सातला राजापूर.
पानांवर ओढ्याचं पाणी तसंच.
आपल्याला उपटलंय
हे त्यांना बहुतेक कळलंच नव्हतं.

चाळीस जुड्या. नऊच्या आत संपल्या.
मी रिकाम्या टोपलीपाशी उगाच बसून राहिले,
एवढ्या लवकर घरी जायचं
म्हणजे नेमकं काय करायचं?

आता त्याच टेम्पोतून उलटा कोबी येतो,
घाटावरचा, तीन दिवसांचा, तरी ताठ.
सून घेते. मीही खाते. चांगला लागतो, खोटं कशाला बोलू.
टेम्पोवाला नरेश भाडं जुडीमागे धरतो,
पावसानंतर खड्ड्यांचं वेगळं.
तर बंद झाली.
पलीकडच्या तीरावर माझी बहीण,
हाक मारली की ओ द्यायची.
ती आता सव्वीस किलोमीटरवर राहते.

यंदा श्रावणात मोरीजवळ
रस्त्याची एक कड खाली गेली.
जेसीबी येणार म्हणतात.
गणपतीच्या आधी म्हणत होते,
मग दसऱ्याच्या.
टेम्पो तिथे चालत्या माणसासारखा
एकेक चाक चाचपत जातो.

मडक्यात राखेत थोडं कुळथाचं बी आहे.
कशाला, असं सुनेने विचारलं.
पिठीला, म्हटलं.

मळ्यात माठ फोकलाय.
बांधाच्या कडेने, कुणाला न सांगता,
चार मुठी कुळीथही.