मॅचिंग

म्हापशाला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान.
अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. दोनशे साठ शेड.
एकोणतीस वर्षं गिऱ्हाईक पदर पुढे करतं
आणि माझा हात न बघता फळीवर जातो.

खोकला आधी कापसाच्या धुळीवर ढकलला.
मग थुंकीत जंतू दिसले, आणि क्षय म्हणून सहा महिने गोळ्या.
वहिनीनं माझा कप वेगळा केला. बोलली काही नाही,
फक्त कानाला लाल दोरा बांधला.
लाल म्हणजे कुंकू नव्हे, डाळिंबी.

बांबोळीला डॉक्टर फुर्तादोंनी थुंकी पुन्हा वाढवायला ठेवली.
दीड महिन्यानं म्हणाले, क्षय नव्हे.
मग काय?
नावच तसं आहे, म्हणाले, क्षयेतर.
घराणं तेच, पण तो नव्हे.
कुणाकडून आला?
कुणाकडून नाही. पाण्यात असतो, मातीत,
गिझरात, शॉवरच्या जाळीत.
तुमच्याकडून घरात कुणाला जाणार नाही. भियेनाका.

वहिनीनं त्याच संध्याकाळी दोरा सोडला.
मला मात्र जरा एकटं वाटलं.
कुणी दिला नाही, कुणाला देता येत नाही,
असलं काही माझ्यापाशी पहिल्यांदाच होतं.

औषध लगेच नाही. तेही सोपं नसतं, आधी बघू या.
चार महिने बघितलं.
वजन बेचाळीसवरून अडतीस.
स्कॅनमध्ये फांद्यांना कळ्या फुटल्यासारखं दिसतंय, म्हणाले.
घरी येऊन मी अबोलीला पाणी घातलं नाही.

तीन औषधं. सोमवार, बुधवार, शुक्रवार.
शुक्रवारी बाजार. सुक्या मासळीचा वास,
चवरीसच्या माळा, आणि माझ्या पोटात गोळ्या ढवळतायत.
एका गोळीनं लघवी भगवी, डोळ्यांतलं पाणीही.
रडत नव्हते, कांदा चिरत होते.
रुमालावर डाग राहिला. शेड एकशे बारा.
आमच्याकडे आहे, नवरात्रात खपते.

दुसरी गोळी डोळ्यांवर जाऊ शकते.
लाल आणि हिरवा आधी, डॉक्टर म्हणाले,
आणि मग विचारलं, तुमचा धंदा काय?
मी सांगितलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

दर महिन्याला ठिपक्यांचं पुस्तक,
ठिपक्यांत लपलेला आकडा. चौऱ्याहत्तर. सहा. पंचेचाळीस.
मधल्या दिवसांत शटर वर केलं की माझी मीच परीक्षा घेते:
पोपटी, शेवाळी, बाटली, मेंदी,
डाळिंबी, मरून.
लविना पावतीपुस्तकाआडून बघते.
एका दुपारी मेंदी आणि तपकिरी एक झाले.
मी स्टुलावर बसले. किती वेळ, माहीत नाही.
लविनानं ट्यूबलाइट बदलली.
पुन्हा दोन झाले.

पहाटे नाकातोंडाला फवाऱ्याचा मास्क, खारं पाणी.
कळंगुटला न जाता समुद्र छातीत ओढते,
मग डबीत खोकते.
आठव्या महिन्यात तिसरा अहवाल लागोपाठ निरंक.
डॉक्टर हसले. आता पहिल्या निरंकाच्या तारखेपासून मोजायचं,
बारा महिने.
आणि त्याआधीच्या गोळ्या?
त्या धरायच्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये पर्वरीपर्यंत मनात भांडत होते.
दुकानात नवं थान आलं होतं.
पहिली वीत विरलेली, गिरणीचा शिक्का मारलेला.
ती आम्हीही धरत नाही.
कापली, गल्ल्याखाली ठेवली, मग मीटर लावला.

दिवे लागायच्या वेळी एक बाई आली.
साडी शेवाळी की राखाडी, तिलाच ठरेना.
म्हणाली, तुम्हीच सांगा.
मी म्हटलं, जरा दारात या, उजेड आहे अजून.