आतलं हँडल

गाडी त्र्याऐंशीची, पिजो, रंग एके काळी बदामी.
ओव्हिदिओ गेल्यावर त्याच्या बायकोनं विकली.
पैसे दोनदा मोजले. किल्ली मात्र
टेबलावरून सरकवली, हातात दिली नाही.

मीटर किती वेळा शून्यावर आलाय, देव जाणे.
मी तरी कुठं, चौपन्नाव्या वर्षी स्टीअरिंग धरलं,
शाळेच्या स्वयंपाकघरातली पातेली एकदाची खाली ठेवून.
तेव्हा वयावरून एकमेकींना बोलायचं नाही,
असं आमचं ठरलंय.

तीन शनिवार अन्सेल्मो तिच्या पोटाखाली आहे.
बाहेर फक्त बूट, आणि आतून आवाज:
रेडिएटर गळतोय. बेअरिंग रडतंय.
ब्रेक आहेत, पण त्यांच्या मनात येईल तेव्हा.
"जायचंय कुठवर?"
ग्रेगोरेसपर्यंत.
बूट हलायचे थांबतात.
झापालाहून दीड हजार किलोमीटर, मधेच नुसती खडी,
आणि वारा असा की उघडलेलं दार बिजागरीसकट नेतो.
"बसनं जा ना."
मी त्याला माते भरून देते.
तो नळी ओढतो, आणि विषय तिथंच राहतो.

गल्लीतलं जो तो बॉनेटमध्ये डोकावून जातं,
बाळंतिणीच्या खोलीत डोकावावं तसं.
कुणी काचेपुढे लावायला खुराड्याची जाळी आणतं,
कुणी दुसरी स्टेपनी, जवळजवळ गोल.
बेकरीतली एल्विरा कानात सांगते:
पट्टा तुटला तर पायातला नायलॉनचा मोजा बांध,
टाकीला चीर गेली तर धुण्याचा साबण चोळ,
आणि वाटेत कुणी फारच गोड बोललं तर पाना हाताशी असू दे.
मी तिन्ही एकाच पिशवीत भरते.

मागची चटई धुवायला काढली,
तर खाली वही.
ओव्हिदिओचं अक्षर, मुंगीएवढं, सरळ रांगेत.
तारीख, लिटर, गाव. तारीख, लिटर, गाव.
सत्तावीस वर्षं, आणि डोळा अडकावा
अशी एक ओळ नाही.
एक सोडून:
ग्रेगोरेस. ४२ लिटर. निळ्या फाटकासमोर थांबलो.
उतरलो नाही. परत.

एर्मिनियाला मी तारीख वाचून दाखवली.
"दाढ काढायला नेउकेनला गेला होता," ती म्हणाली.
"पाच दिवस. गाल काही सुजला नव्हता."
मग भांडी विसळत, पाठमोरीच:
"वही तूच ठेव. गाडीबरोबरची आहे."

मी तिला सांगितलं नाही
की देल्मिराला मीही कळवलेलं नाही.
बहीण माझी. एकोणीस वर्षं झाली.
भांडण कशावरून, तर आईच्या शिलाई मशीनवरून,
जे आता दोघींकडेही नाही.
तिचं फाटक कुठल्या रंगाचं, मला माहीत नाही.
फाटक आहे का, तेही.

शुक्रवारी अन्सेल्मो हात पुसत उभा राहिला.
"निघ आता. राहिलंय ते किरकोळ.
घड्याळ बंद. हीटर एकाच पायाला तापतो.
आणि तुझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही,
काच खाली करायची, हात बाहेर घालायचा.
रस्त्याला काही त्यानं अडत नाही."

रस्त्याला नाही, म्हटलं.
घड्याळ राहू दे. हीटर राहू दे.
हे आधी कर.

त्यानं दाराचं अस्तर उचकटलं.
आतून पडलं चलनातून गेलेलं एक नाणं,
गोळीचा चुरगळलेला कागद,
आणि धूळ, पुष्कळ,
आमच्याकडची नव्हे अशा रंगाची.