एकशे अठ्ठावीस ग्राम

पहिल्या घाण्याला आम्ही जर्मनचं गंज घेतलं,
तिथेच चुकलो.
क्षाराने तेलाला हात लावायच्या आधी
भांडंच खायला घेतलं.
फसफसून काळं पाणी वर आलं
आणि बेबीनंदा गेडाम मागे सरून म्हणाली,
"मास्तर, हे तं जित्तं हाय."

मी मास्तर नाही.
वैरागडच्या शाळेत एकतीस वर्षं
प्रयोगशाळेच्या काचा धुतल्या.
निघताना भंगारातला तराजू
पंचाहत्तर रुपयांत घेतला,
चिमट्यासकट, वजनांच्या पेटीसकट.
दोन ग्रामचं तेवढं हरवलेलं;
त्याच्या जागी दहा पैशांचं नाणं,
कानशीने घासत घासत दोनवर आणलेलं.

आता स्टीलचं पातेलं.
आधी पाणी, मग कॉस्टिक, थोडं थोडं.
उलटं केलं तर उसळून तोंडावर येतं.
खाली चूल नाही, तरी पाणी तापतं,
वाफ नाकाला बोचते,
बाया पदर आवळून
वारा येतो त्या अंगाला उभ्या राहतात.

तेल टोरीचं.
मोहाची फुलं वेचून झाल्यावर
जे फळ धरतं त्याच्या बियांचं,
थंडीत लोण्यासारखं थिजणारं.
ह्याच तेलात तिच्या आजीने भजी तळली,
ह्याच तेलाने टाचा माखल्या,
आणि धुण्याला पळाटीची राख
भिजवून, वरचं पाणी निथळून.
"म्हणजे अर्धं रसायन आजी करतच होती," मी म्हटलं.
"अर्धं कायचं?
तेलकट गंज राखेनंच घासे थे.
तेल गंजातच राहे ना!"

एकतीस वर्षांत
हे मला सुचलं नव्हतं.

किलोभर तेलाला एकशे पस्तीस ग्राम क्षार
पुरता लागतो, काही उरत नाही.
आम्ही एकशे अठ्ठावीस घेतो.
थोडं तेल मोकळं राहू देतो,
कातडीसाठी.

मग ढवळणं. हात भरून येतात.
पातळ होतं ते दाटतं,
रवीवरून पडलेली धार
बुडायची विसरून वरच रेघ धरून राहते.
आत कणाकणाला दोन तोंडं फुटलेली:
एक पाण्याशी बोलतं, एक तेलाशी.
बेबीनंदाचं तसंच. घरी गोंडी, बाजारात मराठी,
आणि दोन्हीकडचे तिलाच विचारतात,
तो काय म्हणाला?

तिसऱ्या दिवशी वड्या कापत होतो
तर आरमोरीचा दुकानदार दारात.
लग्न आहे म्हणे, ऐंशी द्या, रोख.
तिने एक वडी ओल्या बोटाने चोळली,
बोट जिभेच्या टोकाला लावलं
आणि डोळे मिटले,
टॉर्चचा सेल चाटल्यासारखे.
"अजून चावते."
"कधी थांबते?"
"चावणं चार दिसांत. वाळणं दीड महिना."
लग्न तोवर होऊन जाणार होतं.
त्याला चहा दिला, वडी दिली नाही.

बांबूच्या तट्ट्यावर मांडल्या,
मध्ये बोटभर हवा.
पहिल्या सोमवारी मी वजन केलं:
शंभराची वडी शहाण्णववर.
नाणं उचललं, पुन्हा ठेवलं.
शहाण्णव, आणि किंचित वर.
वहीत तसंच लिहिलं, किंचित वर.