पहिल्या पाळीवाला

एकेकटी चालवली तर प्रत्येक चाचणी हिरवी.
सगळ्या एकदम सोडल्या की सतरा लाल,
काही न बदलता पुन्हा सोडल्या की एकोणीस.
अक्कलकोट रोड, एमआयडीसी, टॉवेलच्या गोदामावरचा माळा.
एप्रिलची रात्र. पत्रा अजून दुपारच्याच गोष्टी सांगतोय.

बसवराज हत्तुरे बॅग उचलत म्हणाला,
"मशीनच खराब आहे, उद्या बदलू."
हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते.
आमच्या गल्लीत कापड बिघडलं
की पहिली शिवी मागालाच.

आमचं सॉफ्टवेअर जकार्डच्या मागाशी बोलतं.
दोघांच्या मधे एक ड्रायव्हर,
कुणी कधी लिहिला, आता कुणाला आठवत नाही.
सामायिक लायब्ररी : सगळ्यांनी वापरायची,
झाडायची मात्र कुणी नाही.

लॉगमध्ये एका ओळीत, 'ड्रायव्हर सापडला नाही.'
चार ओळी खाली, 'ड्रायव्हर आधीच उघडा आहे.'
सापडला नाही तो उघडा कसा,
हे मी रात्री साडेबाराला
शेंगाचटणीच्या रिकाम्या पुडीला विचारत होते.

तेवढ्यात नान्नांचा फोन. "तिन्नावा?"
जेवले म्हटलं. खोटं.
मग का कोण जाणे, सगळं सांगितलं :
एकटी असली की नीट चालते, नान्ना,
रांगेत उभी केली की पडते.

बत्तीस वर्षं जॉबर होते ते.
कॉम्प्युटरला अजून टीव्ही म्हणतात.
थोडं थांबून म्हणाले, "तिच्या आधी कोण होतं?
दुसऱ्या पाळीत धागा तुटला
तर दुसऱ्या पाळीवाल्याची गचांडी धरू नये.
आमच्यात एक कनकय्या होता,
भोंगा झाला की धोटा अर्ध्या वाटेत टाकून चहाला.
शिव्या खायचा बिचारा इस्तारी."

मग मी पडणाऱ्या सतराजणींना सोडलं
आणि पास होणाऱ्यांना धरलं.
रांगेत तिसरी. छोटीशी. कायम हिरवी.
फाइलच्या पहिल्याच ओळीत ड्रायव्हर उघडते,
शेवटच्या ओळीपर्यंत मिटत नाही.
तोही आपल्या फोल्डरमधला नव्हे,
सिस्टिमच्या अडगळीतला जुना, त्याच नावाचा.
त्यानंतर जी कुणी ड्रायव्हर मागेल
तिला प्रोसेस सांगणार, आहे की आधीच, घे.
नाव तेच. माणूस दुसरा.

कुणी लिहिली ते पाहिलं.
मागची दिवाळी, रात्रीचे अकरा, माझंच नाव.
कनकय्या मीच.

एक वाजून गेला होता, लाजायला वेळ नव्हता.
उघडणं फाइलच्या माथ्यावरून खाली आणलं,
उघडेल तिनेच मिटायचं, पडली तरी मिटून पडायचं.
पत्ता पूर्ण लिहिला, नुसत्या नावावर विश्वास नाही.
ज्यांना खऱ्या मागाचं काहीच काम नव्हतं
त्यांना खोटा माग दिला, पुठ्ठ्याचा म्हणा,
होय म्हटलं की होय म्हणणारा.
उरलेल्या सहाजणींना
प्रत्येकीला आपली प्रोसेस, आपलं दार.

तीन वाजता सगळ्या एकदम सोडल्या.
हिरवी, हिरवी, हिरवी,
खाली वॉचमनच्या खुर्चीची कुरकुर,
हिरवी.

एक लाल.
पुन्हा. तीच एक. उलट्या क्रमाने सोडल्या, तरी तीच.
एकटी चालवली. लाल.

घरी पोचले तेव्हा नळ आला होता, पाचव्या दिवशी.
अम्माने जुनं पाणी कढीपत्त्याला घातलं,
घागर विसळली, पुन्हा विसळली,
मग धारेखाली धरली.
मी पायरीवर बसून लॅपटॉप उघडला.

चादरीच्या काठात एक आडवा धागा कमी पडतोय.
खरोखरच कमी पडतोय.
सहा महिने ही एकटी खरं सांगत होती,
आणि आम्ही म्हणत होतो,
त्या सगळ्या तशाच आहेत,
पुन्हा एकदा चालवून बघ.