मुका मार

फहाहीलच्या टायपिंग सेंटरात, शटर अर्धं ओढून,
आम्ही चौघं.
बद्रियाबाई वकील. त्यांच्या फायलीत दाखला:
हृदय बंद पडले, वेळ साडेतीन.
सिनान बातमीदार, चौकीसमोरच्या
चहावाल्याला विचारून आलेला:
रुग्णवाहिका दोन दहाला.
संशोधक पोरीच्या तक्त्यात
अकरा कोठड्या, अकरा बंद हृदयं,
टायपिंगची चूक सगळीकडे तीच.

माझं काम फक्त भाषांतर.
फोनवर दापोलीहून परकारची बायको:
"गुस्ल देताना भावानं पाहिलं. मुका मार होता."

मुका? बाई थांबल्या.
अरबीत काय लिहू?

एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.
शब्द होता कुठे माझ्याकडे.

म्हटलं, लिहा,
मारणाऱ्याला वाटतं ना, हा कुठे बोलतोय,
तो.