पाठभेद

त्या सिनेमाच्या संगीताच्या माझ्याकडे तीन प्रती आहेत.
सिनेमा पाहिला एकदाच, रात्रपाळी सुटल्यावर, पहाटे टीव्हीवर:
एक विमा एजंट, एक खोटी सही, शेवटी ओला जिना.
गोष्ट विसरले. ट्रम्पेट राहिला.

पहिली प्रत सत्तावन्नची, मोनो,
ब्लूमफिल्डमधल्या एका तळघरातून चार डॉलरला उचललेली.
कव्हरवर कुणाच्या तरी कपाचं वर्तुळ.
दुसऱ्या बाजूला तिसऱ्या तुकड्यात सुई अडखळते,
तिथे मी आता आधीच श्वास धरते,
आणि नव्या प्रतीत ती अडखळत नाही
तेव्हा मलाच ठेच लागते.

दुसरी एकाहत्तरची. मोनोलाच उभं चिरून स्टिरिओ केलेली.
डाव्या कानात झांजा, उजव्या कानात उरलेला संसार,
आणि मधोमध, जिथे माणसं बसायला हवीत,
तिथे न्हाणीघराचा घुमारा.
पोथीत कुणी हौसेने घुसडलेल्या ओव्या असतात, तशी.
तरी टाकवत नाही. वजनाला बरी आहे.

तिसरी या मार्चमध्ये आली. दोन सीडी,
अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका, गोदामात सापडलेल्या मूळ फिती.
टेक एक, टेक चार, मध्येच तुटलेला टेक सात.
खुर्ची करकरते. कुणीतरी पान उलटतं.
कुणीतरी म्हणतं, "परत,"
आणि परत पाऊस पडायला लागतो त्या जिन्यावर.

वरच्या मजल्यावरच्या ओडेसा गेन्स दर रविवारी येतात,
सपाता घालून, कठडा धरून, एकोणनव्वद पायऱ्यांचं वय उतरत.
कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवतात.
"याला बेस कळत नाही," म्हणतात,
आणि स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकवतात.
बेसवर त्यांचा भाऊ आहे, लूशियस.
कव्हरवर नाव नाही; कव्हरवर एका बाईचे पाय आहेत.
पण घराला माहीत होतं. आईने तबकडी घेतली होती
ग्रामोफोन घ्यायच्या आधी.

पान एकतीस, खालून सहावी ओळ:
एलपीसाठी हे संगीत पुन्हा वाजवलं गेलं,
सिनेमानंतर नऊ आठवड्यांनी, दुसऱ्या शहरात.
बेसवर हॅरल्ड व्हिटकोम.

मी ती ओळ चार वेळा वाचली.
प्रयोगशाळेत असा रिपोर्ट आला की आम्ही नमुना पुन्हा तपासतो,
बाटलीवरचं नाव बघतो, मगच फोन उचलतो.
मी फोन उचलला नाही.
पासष्ट वर्षं एक तळहात
कुणा हॅरल्डच्या छातीवर होता, हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

रविवारी विचारलं, आज नवी लावू?
त्यांनी खांदे उडवले. लावली.
टेक चार. करकर. "परत."
मग बेस, फितीच्या खरखरीतून वर येणारा,
थोडा पुढे, थोडा उतावीळ.

"हा पोरगा वनच्या आधीच पोचतोय," त्या म्हणाल्या.
(मी सम म्हणते, त्या वन म्हणतात.
जागा तीच.)
मग बराच वेळ काही नाही.
मग, लाकडाकडे बघत:
"लूशियसला कुणासाठी थांबणं जमायचंच नाही.
बससाठी नाही. जेवणासाठी नाही.
मिल बंद होणार म्हणाले, तर तो बंद व्हायच्या आधीच गेला."

तुकडा संपला. फितीवर कुणीतरी खोकलं.
मी बटणाकडे हात नेला, तर म्हणाल्या, राहू दे,
खोकला पण ऐकू दे.

नंतर त्यांनी जुनीच मागितली. मोनो.
मी सुई टेकवली. व्हिटकोम आला, वेळेवर, शांत,
एकही पायरी न चुकता.
ओडेसाबाईंनी हात पुढे केला
आणि लाकडापासून बोटभर अलीकडे थांबवला,
शेजारच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवताना
आई बघतेय हे लक्षात यावं, तसा.
मग टेकवलाच.

"हाही चांगला वाजवतो," म्हणाल्या.